पिंपातला बाल्बोआ

४ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

आशीर्वाद या वेळी राखून ठेवले आहेत. तुझं उत्तर काय येतं ते पाहून देईन.

तुझी स्पॅनिश दर्यावर्द्यांची पुस्तकं परवा आमच्या वाचनालयात आली. सहा चरित्रं, पातळ, मोठ्या टायपातली, पानोपानी तुझी चित्रं. तू आधी एका शब्दाने बोलली नव्हतीस. बालविभागाचे गठ्ठे मीच सोडते, त्यामुळे मुखपृष्ठावर तुझं नाव दिसलं ते अचानकच. खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला. वाचनालयाचा शिक्का मारताना तुझ्या नावावर शाई जाऊ नये म्हणून मी पुस्तक दोनदा फिरवून घेतलं.

मग त्यातलं बाल्बोआचं चरित्र उघडलं. मधल्या पानावर तो डोंगरमाथ्यावर उभा आहे. बरोबरच्या माणसांना खाली थांबवून एकटाच वर आलाय आणि समोर अख्खा नवा समुद्र. चित्र सुरेख आहे, त्यात शंका नाही. फक्त त्या डोंगरावर उभा असलेला माणूस रोज माझ्या घरी जेवायला बसतो.

हे आहेत ते. तुझे भावजी. डोक्यावर लोखंडी टोप घातलास आणि दाढी चिकटवलीस म्हणून काय झालं? डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. कमरेवर हात ठेवताना अंगठा पुढे काढलाय. ज्या बाईने वीस वर्षं एका माणसाचे सदरे वाळत घातलेत, तिला तो ओळखायला चेहरासुद्धा लागत नाही.

मी काही म्हणत नाहीये. फक्त विचारतेय, हे कसं काय?

आमचं ठीक चाललंय. ह्यांचे दौरे या वर्षी फार वाढलेत. वजनकाट्यांच्या कंपनीत तपासनीस म्हणजे निम्मा महिना गावोगावच्या दुकानांत आणि गोदामांत, काटे खरे की खोटे ते बघत. तुझ्या गावालाही जातात. तिच्याकडे डोकावता का, असं मी विचारलं, तर म्हणाले, वेळ कुठे मिळतो.

उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव. फोन करू नकोस. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि फोनशेजारी ह्यांची खुर्ची.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

थोरल्या डोळ्यांना धाकटीचा दंडवत,

ताई, तुला पोलिसात जायला हवं होतं. उगाच मुलांची पुस्तकं सांभाळत बसलीस.

अगं, सोपं आहे. प्रकाशकाला सहा पुस्तकं घाईने हवी होती. पाचशे वर्षांपूर्वीचे ते लोक कसे दिसत होते ते कुणाला ठाऊक आहे? मग चित्र काढणारा माणूस काय करतो, तर ओळखीची नाकं-कान उसनी घेतो. ओरेयानाचा एक डोळा गेलेला होता, तेवढं पुस्तकात लिहिलंय, बाकी त्याचे कान आमच्या लाँड्रीवाल्याचे आहेत. काबेसा दे वाका आठ वर्षं अनवाणी रानोमाळ भटकला, त्याला मी आपल्या बाबांचे पाय दिलेत. जरा निरखून बघ, अंगठ्याशेजारचं बोट लांब आहे. आणि बाल्बोआ करायला घेतला तेव्हा समोर तुमच्या लग्नाचा फोटो होता. बस, एवढंच. तुला न सांगता केलं कारण तुला गंमत वाटेल असं वाटलं. वाटली नाही असं दिसतंय.

पुस्तकं मुलांना आवडतायत का ते लिही. मजकुराबद्दल मला काही विचारू नकोस. लेखक फार मोठे आहेत, मला त्यांनी एकदाच भेट दिली आणि तेव्हाही जहाजाची शिडं चुकलीत एवढंच सांगितलं.

भावजींना नमस्कार सांग. मान अजून अवघडत असेल तर म्हणावं, उशी पातळ घ्या.

तुझी,
शेंडेफळ

१६ फेब्रुवारी

शेंडेफळास,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

लग्नाचा फोटो आमच्या कपाटावरच आहे. खुर्चीवर चढून काढला. त्यात ह्यांना मिशी आहे आणि कपाळ गुळगुळीत आहे. तुझ्या बाल्बोआच्या डाव्या भुवईवर एक तिरपी खोक आहे. ती खोक ह्यांना गेल्या वर्षी पडली, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लागून. हळद मी लावली. लग्नाच्या फोटोवरून ती तुला कशी दिसली?

आणि मानेचं तुला कुणी सांगितलं? मी तर लिहिलं नव्हतं. मान दिवाळीआधी अवघडली, दौऱ्यावरून आल्यावर. दुपारी कुठल्याशा धर्मशाळेत लवंडलो, उशी जाड होती म्हणाले.

मी बालविभागात बसते, म्हणून तुला वाटतं मी मुलांसारखं वाचते. अगं, मुलांसाठीची चरित्रं वाचून वाचून मला एकच विद्या आलीय, ती म्हणजे काय गाळलंय ते ओळखण्याची. तुझ्या मोठ्या लेखकांनी सोन्याबद्दल जपून लिहिलंय. ज्यांच्या अंगावरून ते सोनं उतरवलं त्यांच्याबद्दल तर त्याहून जपून. एका पानावर वस्ती आहे, पान उलटलं की नाही. मधे काय झालं ते सांगायला कुणी नाही. आमच्याकडच्या एका चिमुरडीनेच परवा विचारलं, तिथे राहणाऱ्यांना तो समुद्र आधीच ठाऊक होता ना, मग शोधला म्हणजे काय? मी तिला म्हटलं, बाळ, पुस्तक असंच लिहितात.

तेव्हा तुझ्या पत्रातही पान कुठे उलटलंय ते मला कळतं. पाणी कुठेतरी मुरतंय. ते कुठे, एवढंच सांग.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

काही गोष्टी माझ्या नाहीत, म्हणून त्या मी सांगू शकत नाही. मी शब्द दिलाय. तुझं वाईट होईल असं मी काही केलेलं नाही, यावर विश्वास ठेव.

भावजींना विचार. पण रागाने विचारू नकोस.

शेंडेफळ

३ मार्च

धाकटीस,

म्हणजे शब्द दिलाय. माझ्या नवऱ्याला तू शब्द दिलायस आणि मला रागावू नकोस म्हणून सांगतेस. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आई तुझ्याबद्दल कौतुकाने म्हणायची.

शनिवारी काय झालं ते वाच, म्हणजे मी उगाच कांगावा करत नाही हे तुला कळेल.

माझा चष्मा घरी विसरला होता, तो द्यायला हे दुपारी वाचनालयात आले. बालविभागात सहसा पाऊल टाकत नाहीत. खाली सतरंजीवर दहा-बारा मुलं पुस्तकं घेऊन पालथी पडली होती. ह्यांनी दारातून आत डोकावलं आणि त्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, बाल्बोआ. सगळ्या माना वर. मग जी पळापळ झाली ती काय सांगू. मुलांनी ह्यांना गराडा घातला. पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी आहे, ती पुस्तक वर धरून ह्यांच्या चेहऱ्याशी ताडून पाहत होती. तिने विचारलं, "तुम्ही पिंपात कसे मावलात?"

तुला ठाऊकच आहे, बाल्बोआ बेटावरून पळाला तो पिंपात लपून, कुत्र्यासकट. मुलांना त्या पुस्तकातलं तेवढंच आवडतं.

मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांना त्या पुस्तकाचं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी ते घरी नेलं नाही, बोलले नाही. ज्याला ठाऊक नाही तो माणूस गोंधळेल, माझ्याकडे बघेल, कसलं पिंप म्हणून विचारेल. हे उकिडवे बसले आणि त्या मुलीला म्हणाले, "गुडघे पोटाशी घेऊन. मी मावलो गं, पण ते कुत्रं काही आत राहीना."

मुलं हसली. हेही हसले. इतकं मोकळं हसताना मी ह्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे नजर गेली आणि हसू तिथल्या तिथे विझलं. चष्मा टेबलावर ठेवून निघून गेले.

संध्याकाळी मी विचारलं, पिंपाचं तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, पुस्तकात असेल. पुस्तक कुठे पाहिलंत? हात धुवायला उठले, आणि जेवण व्हायचं होतं अजून.

सोमवारी मी उरलेली पाचही पुस्तकं भिंग घेऊन पाहिली. हे सगळीकडे आहेत. सुकाणू धरून पाठमोरे, वल्ही मारताना, एका जागी तर भाला घेऊन शत्रूच्या बाजूने. ते सगळं मी गिळलं असतं. पण दे सोतोच्या पुस्तकात नदीकाठी तापाने पडलेला एक माणूस आहे. झोपलाय. उजवा तळवा गालाखाली, करंगळी ओठाशी. ती झोप मला पाठ आहे. ती फोटोत नसते, आठवणीतूनही काढता येत नाही. ती शेजारी बसून पाहावी लागते.

सहाही पुस्तकं मी फडताळातून काढून माझ्या खणात कुलूप लावून ठेवली आहेत. मुलं विचारतात. बांधणीला गेलीत म्हणून सांगते. म्हणजे आता मीही खोटं बोलायला लागले.

यापुढे मला लिहू नकोस.

९ मार्च

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. फाडायचं तर वाचून फाड.

हो, भावजी माझ्याकडे येत होते. गेल्या वर्षापासून. सकाळी यायचे, दिवसभर बसायचे, संध्याकाळच्या गाडीने परत. तू जे समजतेस तसं काही नाही. तुझ्या गळ्याची शपथ घेतली असती, पण आत्ता माझ्या शपथेला तू काय किंमत देणार?

हल्ली माझ्याकडे येत नाहीत. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी त्यांना सांगितलं, ताईला कळायच्या आत तुम्हीच सांगा. ते हो म्हणाले. दर वेळी हो म्हणाले. मग माझ्याकडे यायचेच बंद झाले.

गुरुवारी तू इथे ये. माझ्या घरी येऊ नकोस. पोस्टाच्या मागे चित्रशाळा आहे, तिच्या मागच्या जिन्याने पहिल्या मजल्यावर जा, उजवीकडची लांब खोली. दुपारी दोननंतर. मी शब्द मोडत नाहीये, फक्त एक पत्ता सांगतेय. आत जायचं की दारातून परत फिरायचं ते तुझं तू ठरव.

शेंडेफळ

२४ मार्च

धाकटीस,

गेले होते.

गुरुवारी हे नेहमीप्रमाणे दौऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडले. ती पिशवी तुला आठवते ना, वजनांची, उचलली की खांदा खाली जातो. मी वाचनालयात आजारी असल्याचं कळवलं आणि पुढची गाडी पकडली. वाटभर काय काय बोलायचं त्याची उजळणी केली. तुला काय बोलायचं, ह्यांना काय बोलायचं आणि तिथे जी कुणी असेल तिला काय बोलायचं. तिच्यासाठीचे शब्द सगळ्यात चांगले जमले होते.

जिन्यात टर्पेंटाइनचा वास होता. खोलीचं दार उघडंच. वीसेक पोरं-पोरी लाकडी घोड्यांना चित्रांच्या फळ्या टेकवून बसलेली, पेन्सिलींचा खरखर आवाज, बाकी सगळं शांत. आणि समोर चौथऱ्यावर, एका उंच स्टुलावर हे. उघड्या अंगावर एक करडी चादर, पाय अनवाणी, नजर खाली. मी दारात उभी राहिले आणि माझे सगळे पाठ केलेले शब्द कुठल्या कुठे गेले. रागवायला तिथे कुणी नव्हतंच.

शिकवणाऱ्या बाईंना मी कुणी नवीन विद्यार्थीण वाटले. उशीर झाला, बसा, असं खालच्या आवाजात म्हणाल्या आणि माझ्या हातात फळी आणि पेन्सिल दिली. मी बसले. तेव्हा ह्यांनी नजर वर केली.

त्यांनी मला पाहिलं आणि चादर सरकली. बाई म्हणाल्या, "हलू नका, अजून वेळ व्हायचाय."

आणि हे हलले नाहीत. तुला सांगते, मी त्या माणसाला इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. घरी आपण कुणाकडे बघतच नाही, वाढताना ताटाकडे बघतो, बोलताना भिंतीकडे. तिथे त्यांना मान वळवायची सोय नव्हती आणि मला उठून जायची हिंमत नव्हती. हळूहळू त्यांचे डोळे भरले. पुसायला हात उचलता येईना. शेजारच्या मुलीने तेसुद्धा कागदावर घेतलं. मी फक्त एक रेघ काढली, खांद्याची, तीही वाकडी आली.

घंटा झाल्यावर सदरा घालून बाहेर आले. गुंड्या वर-खाली लागल्या होत्या. मला म्हणाले, "जेवलीस का?"

मी नाही म्हटलं. मग खालच्या उपाहारगृहात बसलो आणि तिथे त्यांनी सगळं सांगितलं. कंपनीने तपासनीसांची जागाच काढून टाकली, आता नवे काटे चूक झाली की स्वतःच सांगतात म्हणे. याला वर्ष होऊन गेलं. कंपनीने काढताना जे दिलं त्यातूनच दर महिन्याला पगार म्हणून माझ्या हातात ठेवत होते. सकाळी पिशवी उचलून निघायचं आणि कुठेतरी दिवस घालवायचा. पिशवीत वजनं अजून तीच होती. हलकी लागली तर मला कळेल म्हणून.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

म्हणाले, "वरच्या मजल्यावरच्याची नोकरी गेली तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतं?"

मला आठवलं. भाजी वाढता वाढता मी म्हटलं होतं, बायकोच्या जिवावर खातोय, लाज कशी वाटत नाही मेल्याला. हसत म्हटलं होतं. हेही हसले होते.

"त्याच दिवशी सकाळी मला काढलं होतं," हे म्हणाले. "रात्री सांगणार होतो."

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. पिशवी अर्धी माझ्या मांडीवर होती.

खरं सांगू? जिना चढताना मला वाटत होतं, कुणीतरी बाई निघावी. बाईशी भांडता येतं. बाई निघाली असती तर मी शहाणी ठरले असते, आजूबाजूच्या बायका माझ्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या. इथे निघालं काय, तर माझा नवरा वर्षभर मला घाबरून गावोगाव हिंडत होता. आता या गाऱ्हाण्यात मी कुणाच्या बाजूने उभी राहू?

त्यांचं मला कळलं. त्यांना लाज वाटली म्हणून त्यांनी लपवलं. पण तुला कसली लाज होती? तू तर माझी बहीण. पहिल्याच पत्राला उत्तर देताना दोन ओळी लिहिल्या असत्यास तर मी महिनाभर आगीत जळले नसते. तू का लपवलंस? शब्द दिला होता हे सांगू नकोस. लहानपणापासून तू दिलेला एकही शब्द पाळलेला मला माहीत नाही.

ताई

३१ मार्च

ताई,

तुला खरं हवंय, तर खरं लिहिते.

गेल्या वर्षी एका सकाळी भावजी दारात उभे होते. गाडीला वेळ आहे, जरा बसतो म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. पाणीसुद्धा मागितलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि शब्द घेतला. एकदा दुपारी दिवाणावर डोळा लागला त्यांचा. मी तेव्हा दे सोतोच्या पानाशी अडले होते. समोर माणूस झोपलेला दिसला, मी काढला. उठल्यावर त्यांनी चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, मी काही उपयोगाचा असेन तर सांग.

त्या दिवसापासून ते कामावर आल्यासारखे येऊ लागले. डोक्यावर माझं पातेलं, खांद्यावर पडदा, हातात पडद्याची दांडी. लाँड्रीवाल्याने कपडे भिजवायचं पिंप दिलं, कुत्रंही त्याचंच. मान तिथेच अवघडली. ताई, त्यांच्यासारखं स्थिर बसणारं माणूस मी पाहिलं नाही. ते म्हणायचे, काट्यासमोर उभं राहून सवय झालीय. चित्रशाळेतल्या बाईंशी त्यांची गाठ मीच घालून दिली. तिथे त्यांना मानाने बोलावतात आणि त्याचे थोडेफार देतातही.

आता तुझा प्रश्न.

शब्दाचं तू म्हणतेस ते खरं आहे. एरवी मी तो केव्हाच मोडला असता. पण आपल्या घरात प्रत्येक गोष्ट तुझ्याकडून माझ्याकडे आली. फ्रॉक तुझे, पुस्तकं तुझी, बाबा आजारी असल्याची बातमीसुद्धा आधी तुला, मग तुझ्याकडून मला, तीही बेताबेताने. पहिल्यांदा एक गोष्ट माझ्याजवळ होती आणि ती तुझ्याजवळ नव्हती. ती तुझ्याच घरातली होती. मला ती सोडवेना.

तुझी संशयाची पत्रं यायची तेव्हा भीती वाटायची. आणि थोडी गंमतही वाटायची. तू गाळलेलं ओळखतेस, म्हणून हेही गाळत नाही. मी तुझं काही चोरलं नाही असं म्हणत होते. चोरलं होतं. तुला वाटलं ते नव्हतं, एवढंच.

मी येऊ का? तू म्हणशील तेव्हा येईन.

शेंडेफळ

२० एप्रिल

शेंडेफळास,

गंमत वाटायची हे वाचलं आणि पत्र फाडलं. दुसऱ्या दिवशी चिकटवलं. पुस्तकांसाठी खळ हाताशी असतेच. तुकडे जुळवताना पुन्हा सगळं वाचावं लागलं, आणि बाबांच्या आजारपणाच्या ओळीशी थांबले. ती बातमी मी तुला बेताबेताने दिली ती तुला सोसणार नाही म्हणून, असं मी इतकी वर्षं समजत होते. तसंच होतं का, ते आता मलाही छातीठोक सांगता येत नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण आता तो निदान कशाचा आहे ते ठाऊक आहे, म्हणून झोप लागते.

पुस्तकं फडताळात परत ठेवली. बांधणी काही दिसत नाही, असं त्या दात पडलेल्या मुलीने लगेच ओळखलं. माझ्या तालमीत तयार होतेय.

संशयाची सवय एकदम जात नाही. हे बाहेर गेले की अजून मी घड्याळ बघते, आले की चेहरा बघते. त्यांच्या ते लक्षात येतं. आता ते जाण्याआधी कुठे चाललोय ते आपणहून सांगतात, आणि मी त्यावर विश्वास ठेवायचा सराव करते. कधी जमतो, कधी नाही. एकदा नाही जमला तर ते म्हणाले, चल माझ्याबरोबर चित्रशाळेत. मी गेले. ते चौथऱ्यावर बसले, मी खाली बाकावर आमच्या वाचनालयातलं एक मुलांचं पुस्तक वाचत बसले.

परवा जिन्यात वरच्या मजल्यावरची भेटली. तिचा नवरा अजून घरीच आहे. आजवर मी तिच्याशी बोलताना आवाजात एक प्रकारची दया ठेवत असे, ती तिला कळत असणारच. तिने सरळ विचारलं, साहेब हल्ली दौऱ्यावर जात नाहीत वाटतं? आमचं दार उघडं होतं आणि हे आत दाढी करत होते. पाण्याचा आवाज थांबला तो मला ऐकू आला.

मी म्हटलं, "ह्यांची नोकरी गेली. वर्ष झालं. आता चित्रशाळेत बसतात, मुलं त्यांची चित्रं काढतात." आवाज मुद्दाम मोठा ठेवला. खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल.

मला वाटलं, आता ही हसणार, आणि हसली तर तिचा हक्कच आहे. मग पायरी उतरून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तिथे अजून कुणाला घेतात का हो? आमचे दिवसभर नुसते भिंतीकडे बघत असतात."

तेव्हा चित्रशाळेतल्या बाईंना विचार. नाक मोठं आहे, केस पांढरे आहेत, माणूस भला आहे. गुरुवारी ह्यांच्याबरोबर पाठवते.

तू पुढच्या महिन्यात ये. या महिन्यात नको.

आशीर्वाद.

ताई